इम्मेराथ नावाचे एक गाव होते



या वेळी पाककृती नाही, चातुर्मासाची तयारीही नाही. एका गावाचा इतिहास सांगायचा आहे. गाव आपल्याकडचे नाही, जर्मनीतले आहे, आणि आता तर ते कुठेच नाही. तरी आपल्यासाठी त्यात काहीतरी आहे असे मला वाटते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मागच्या उन्हाळ्यात दोन महिने लेकीकडे होते. ती जर्मनीच्या पश्चिम भागात, डसेलडॉर्फजवळ राहते. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाला मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची कधी नव्हे एवढी सोय झाली. एका रविवारी जावई म्हणाले, "आई, तुम्ही चंद्रपूरच्या. चला, तुम्हाला इथली कोळशाची खाण दाखवतो." मला हसूच आले. चंद्रपूरच्या बाईला खाण दाखवायची म्हणजे नागपूरच्या माणसाला संत्री दाखवण्यातला प्रकार.

पण गेले. याकेराथ नावाच्या गावाजवळ खाणीच्या काठावर लोकांना उभे राहून बघता यावे म्हणून एक सज्जा बांधला आहे. तिथून खाली पाहिले आणि माझे हसणे थांबले. दुर्गापूरची उघडी खाण मी कितीतरी वेळा पाहिली आहे, पण हे प्रकरण वेगळे होते. नजर जाईल तिथपर्यंत खड्डा. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली माती, वर पिवळसर, मध्ये वाळूची, आणि तळाशी काळपट तपकिरी पट्टा. तळाशी एक यंत्र खेळण्याएवढे दिसत होते. जावयांनी सांगितले की इथल्या मोठ्या यंत्रांपैकी एकाचे नाव बागर २८८. ते ९६ मीटर उंच आहे, वजन साडेतेरा हजार टन, आणि दिवसाला २ लाख ४० हजार घनमीटर माती उकरू शकते. २००१ साली ते शेजारच्या खाणीतून या खाणीत आणले, तेव्हा २२ किलोमीटरचा रस्ता, महामार्ग आणि नदी ओलांडून ते स्वतःच चालत आले.

मी विचारले, "इथे आधी काय होते?"

जावई म्हणाले, "गावे होती."

"कोणती?"

त्यांना दोन-तीन नावे सांगता आली. त्यातले एक इम्मेराथ. घरी आल्यावर मी लेकीच्या मागे लागले. ती जर्मन वाचून मराठीत सांगायची आणि मी वहीत टिपणे काढायची. पुढचे सगळे त्या टिपणांवरून.

इम्मेराथ हे एर्केलेंत्स शहराच्या हद्दीतले शेतकऱ्यांचे गाव. कागदपत्रांत त्याचा पहिला उल्लेख ११४४ सालचा आहे. आपल्याकडे यादवांचे राज्य अजून पुरते उभे राहायचे होते, हेमचंद्राचार्य गुजरातमध्ये हयात होते, त्या काळातले हे गाव. तिथली जमीन फार कसदार. हजारो वर्षांपूर्वी वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचा जाड थर त्या सगळ्या पट्ट्यावर आहे. गहू आणि साखरेचे बीट ही तिथली मुख्य पिके. (तिकडची साखर बहुतेक बीटची, म्हणजे कंदाची. लेक उसाची साखर शोधून आणते. जाणाऱ्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावे.)

गाव लहानच, शेवटच्या काळात हजार-बाराशे वस्तीचे. पण त्याचे चर्च मोठे होते. संत लांबेर्टुस यांच्या नावाचे ते कॅथलिक चर्च १८८८ ते १८९१ या काळात बांधले. दोन उंच मनोरे, जाड दगडी भिंती, गोल कमानी. आजूबाजूच्या सपाट शेतीतून ते लांबूनच दिसे. गावाच्या मानाने ते इतके मोठे होते की लोक त्याला कौतुकाने 'इम्मेराथचा डोम' म्हणत. डोम म्हणजे मोठ्या शहरातले मुख्य चर्च. आपल्याकडेही नाही का, चाळीस घरांच्या गावात एखादे शिखरबंद मंदिर असते, आणि कुणी विचारले की त्या गावाच्या बायका आधी मंदिराचे सांगतात, मग गावाचे.

गावात इस्पितळ होते, पवनचक्की होती, शाळा होती, दफनभूमी होती. त्या भागात प्रत्येक गावाची वर्षाची जत्रा असते, तिला किर्मेस म्हणतात. हा शब्द चर्चच्या स्थापनेच्या प्रार्थनेवरून आला आहे. म्हणजे आपल्या मंदिराचा प्रतिष्ठा दिन आणि गावजत्रा एकत्र केल्यासारखे. लग्न होऊन दूर गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात.

आता कोळशाचे. त्या भागात जमिनीखाली तपकिरी कोळसा आहे, लिग्नाइट. आपल्या चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या दगडी कोळशापेक्षा हा कच्चा. त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. त्यामुळे लांब नेणे परवडत नाही. खाणीजवळच वीज केंद्र बांधायचे आणि तिथेच जाळायचे. एक युनिट वीज काढायला साधारण एक किलो असा कोळसा लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तो कोळसा ४० ते २०० मीटर खोल आहे. बोगदे करून काढणे जमत नाही, वरचे सगळे उचलावे लागते. वरचे सगळे म्हणजे शेत, झाडे, रस्ते, घरे. पुन्हा खड्ड्यात पाणी भरू नये म्हणून आजूबाजूच्या कितीतरी कोसांवरचे भूजल सतत उपसून खाली ठेवावे लागते. विहिरीचा जीव जाणणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगायला नको.

या खाणीचे नाव गार्त्सवायलर. मला वाटले एखाद्या साहेबाचे नाव असेल. नाही, ते एका गावाचे नाव आहे. ते गाव खाणीनेच १९८०च्या दशकात गिळले आणि लोकांना दुसरीकडे वसवले. गाव गेले, पण त्याचे नाव ते खाणाऱ्या खड्ड्याला मिळाले.

त्या सगळ्या ऱ्हाईन पट्ट्यात दुसऱ्या महायुद्धानंतर चाळीस हजारांहून अधिक लोकांना कोळशासाठी घरे सोडावी लागली. जर्मनीच्या पूर्वेलाही हेच झाले. तिथे सोर्ब नावाचा एक छोटा समाज आहे, स्वतःची वेगळी भाषा असलेला. त्यांची कितीतरी गावे गेली. गाव पांगले की भाषा पांगते. आपण मराठी बोलणारे जैन मुळात थोडे. त्यामुळे हे वाचताना मी जरा थांबलेच.

तुम्ही म्हणाल, एवढा शिस्तीचा आणि श्रीमंत देश, तिथे घर घ्यायचे म्हणजे मालकाची संमती लागत असेल. आधी वाटाघाटीच करतात, भावही बरा देतात. पण मागे कायदा उभा असतो. १९८० साली केलेल्या त्यांच्या खाण कायद्यात असे आहे की देशाच्या ऊर्जेसाठी गरज असेल तर जमीन सक्तीने घेता येते. आपल्याकडेही कोळशाच्या जमिनींसाठी वेगळा कायदा आहे, १९५७ सालचा. चंद्रपूर-यवतमाळकडच्या घरांत त्या कायद्याच्या नोटिसा अनेकांनी पाहिल्या असतील. देश वेगळे, भाषा वेगळी, नोटिशीचा मजकूर मात्र ओळखीचा.

गार्त्सवायलर खाणीच्या दुसऱ्या टप्प्याला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात इम्मेराथ होते. २००६ पासून लोकांना हलवायला सुरुवात झाली. तिकडची पद्धत अशी की गावाने एकत्रच नव्या जागी जावे. जागा ठरते, आखणी होते, रस्ते, गटारे, वीज येते आणि जो तो आपले नवे घर बांधतो. त्या जागेलाही जुनेच नाव देतात, पुढे फक्त 'नवे' असे लिहितात. एर्केलेंत्स शहराजवळ असे 'इम्मेराथ नवे' झाले. पण सगळे तिथे गेले नाहीत. कुणी मुलांकडे गेले, कुणी दुसऱ्या शहरात. आणि शेतकऱ्याला जुन्या गावातल्यासारखे घरामागे गोठा, गोठ्यामागे शेत असे नव्या प्लॉटवर कुठून मिळणार?

मी बी.कॉम. आहे. १९८० सालचे, जुन्या चालीचे. त्यामुळे भरपाईचा विषय आला की माझे डोके आपोआप जमा-खर्चाकडे जाते. घराची किंमत, जमिनीची किंमत, बागेतल्या झाडांची किंमत, सामान हलवण्याचा खर्च. हे सगळे लिहिता येते. आम्हाला कॉलेजात गुडविल शिकवले होते. दुकान विकताना माल, फर्निचर, येणे-देणे यांच्या बेरजेहून जी जास्त रक्कम मिळते ती गुडविल. म्हणजे इतक्या वर्षांत जमलेली माणसे आणि नाव. दुकानाचे गुडविल हिशेबात घेतात. गावाचे घेत नाहीत. शेजारीण हाक मारल्यावर येते, दूधवाल्याला आपले माप माहीत असते, म्हातारी पडली तर कुणाला आधी कळवायचे हे पोरांनाही ठाऊक असते. याचा कॉलम कोणत्याच कागदावर नसतो.

इम्मेराथचे मेलेलेही हलवले. दफनभूमीतले अवशेष उकरून नव्या गावात पुन्हा पुरले. हे ऐकून मी लेकीला दोनदा विचारले. आपल्यात दहन होते, राख पाण्याबरोबर जाते आणि आत्मा तर कधीच पुढच्या प्रवासाला लागलेला असतो. मागे राहते ते पुद्गल. म्हणून पहिल्यांदा मला ते परके वाटले. मग मुनिमहाराजांच्या समाधीस्थळी आपण चरणपादुका बसवतो, त्यांना हात लावून नमस्कार करतो, ते आठवले. उद्या कुणी म्हणाले की त्या उचला, इथे खड्डा पडणार आहे, तर मी तत्त्वज्ञान सांगत बसेन का? नाही. मी रडेन.

१३ ऑक्टोबर २०१३ रोजी इम्मेराथच्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. कॅथलिक लोकांतही चर्च असेच सोडून जाता येत नाही. विधी करून त्याचे पावित्र्य काढून घ्यावे लागते. वेदीतले पवित्र द्रव्य बाहेर नेतात, आणि मग ती वास्तू साधी इमारत उरते. आपल्याकडे जीर्णोद्धारासाठी मूलनायक प्रतिमा हलवायची असते तेव्हा काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना कळेल. आमच्या मंदिराच्या वेळी सासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. आणि आमची प्रतिमा तर सहा महिन्यांत त्याच वेदीवर परत बसणार होती.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ डिसेंबर २०१३ रोजी, जर्मनीच्या घटना न्यायालयाने या खाणीबद्दल निकाल दिला. दोन तक्रारी होत्या. एक इम्मेराथच्या रहिवाशाची आणि एक पर्यावरणाचे काम करणाऱ्या संस्थेची. त्या संस्थेने खाणीच्या वाटेवर मुद्दाम एक फळबाग विकत घेऊन ठेवली होती. जर्मन भाषेत 'हायमाट' असा शब्द आहे. आपण 'आपलं गाव' म्हणतो तेव्हा आवाजात जे येते, ते त्या एका शब्दात आहे. न्यायालयाने सांगितले की घटनेत हायमाटचा असा वेगळा हक्क नाही. रहिवाशाची तक्रार फेटाळली गेली. पण त्याच निकालात हेही म्हटले की अशा लोकांना उशिरा नाही, आधीच दाद मागता आली पाहिजे. आणि बागेच्या बाबतीत न्यायालय म्हणाले की ती घेणे घटनेला धरून नव्हते. संस्था जिंकली. फक्त तोपर्यंत बाग तोडून पाच-सहा वर्षे झाली होती.

यानंतर चार वर्षे चर्च रिकाम्या गावात उभे होते. ८ आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ते पाडले. पहिल्या दिवशी ग्रीनपीसचे कार्यकर्ते विरोधासाठी आत शिरून बसले होते. त्यांना बाहेर काढले आणि काम पुढे चालू झाले. दुसऱ्या दिवसापर्यंत मनोरेही खाली आले. लेकीने त्याचा व्हिडिओ दाखवला. कुंपणाबाहेर वयस्कर माणसे कोट-टोप्या घालून नुसती उभी आहेत. त्याच वर्षी पवनचक्कीही गेली.

मला साहजिकच वाटले, एवढा तंत्रज्ञानाचा देश, चर्च उचलून नेता आले नसते का? तर तसेही तिथे झालेले आहे. पूर्व जर्मनीत होयर्सडॉर्फ नावाचे गाव कोळशासाठी गेले. त्या गावाने आपले चर्च वाचवले. ते लहान आणि फार जुने दगडी चर्च, साडेसहाशे टनांच्या वर वजनाचे. ऑक्टोबर २००७ मध्ये ते अख्खे चाकांच्या गाडीवर चढवून १२ किलोमीटरवरच्या बोर्ना शहरात नेले. आठवडाभर लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो लोक बघायला जमले होते. चर्च आजही बोर्नाच्या चौकात आहे, धडधाकट. पण ज्या गावाचे ते होते ते गाव मागे राहिले आणि संपले. आपल्या भाषेत सांगायचे तर वेदी वाचली, श्रावक पांगले. इम्मेराथचे चर्च हलले नाही, होयर्सडॉर्फचे हलले, आणि गाव दोन्हीकडे गेलेच.

इथपर्यंत टिपणे काढून झाली आणि एका रात्री मला झोप लागेना. कारण आमची स्वतःची वही आठवली.

आमचे कापडाचे दुकान होते, खाण कामगारांच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खाणीच्या पगाराचा दिवस म्हणजे आमचा दिवाळीसारखा दिवस. ग्राहक दोन प्रकारचे, खाणीवरचे आणि खेड्यांवरचे. खेड्यांवरच्यांची उधारी हंगामावर. हिशेब मी लिहायची. ज्यांनी असे दुकान पाहिले आहे त्यांना माहीत असेल की उधारीची खतावणी माणसांच्या नावाने नंतर, आधी गावाच्या नावाने असते. वर गावाचे नाव, खाली त्या गावची माणसे. त्यामुळे वसुलीला जाणारा एका फेरीत एक गाव उरकतो.

त्यातले एक गाव खाणीसाठी गेले. गावाचे नाव इथे लिहीत नाही, ती माणसे अजून आहेत. भरपाईचे धनादेश मिळाले त्या आठवड्यात त्या गावचे एकेक जण दुकानात आले. आमची सगळी उधारी त्यांनी फेडली, एक पैसा ठेवला नाही. वर नवीन लुगडी, धोतरे, मुलांचे कपडे घेतले. आमच्यासाठी फार चांगला आठवडा होता. एक म्हातारी पैसे मोजून झाल्यावर मला म्हणाली, "बाई, आता आमचं नाव कोणत्या पानावर लिहिशील?" मी म्हटले, "तुम्ही जिथे जाल त्या गावाच्या पानावर." ती म्हणाली, "आम्ही काय एका गावी चाललो?"

मी ते पान बंद केले. येणे शून्य, देणे शून्य, खाली दोन रेघा. दिवाळीला वहीपूजन झाले, नवीन वही घातली. जुन्या वहीतल्या ज्या गावांकडे बाकी होती त्यांची नावे पुढे ओढली. या गावाकडे बाकी नव्हती, म्हणून त्याचे नाव पुढे आलेच नाही. हिशेबाच्या नियमाने मी अगदी बरोबर केले होते. चाळीस वर्षांत त्यात काही चुकले असे मला एकदाही वाटले नाही. वाटले ते परक्या देशात, दुसऱ्याच गावाची टिपणे काढताना.

आणि त्या गावाच्या जागेतून निघालेल्या कोळशावर आमचे दुकान चालले, मुलांची शिक्षणे झाली. ज्या लेकीकडे बसून मी हे वाचत होते, तिचे इंजिनिअरिंगही त्यातच आले. म्हणून 'कंपन्या वाईट, सरकार वाईट' असे लिहून मोकळे होणे मला जमत नाही.

आपल्या शास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. श्वेतांबर परंपरेत त्यांना कर्मादान म्हणतात. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ते आहेत. आपल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात खरकर्म म्हणून हेच पंधरा सांगितले आहेत. त्यातला एक अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडणे, भट्ट्या लावणे. दुसरा स्फोटकर्म, म्हणजे जमीन खणणे, दगड फोडणे. लहानपणी पाठशाळेत हे घोकले तेव्हा वाटायचे, खाण आपण खणत नाही, भट्टी आपण लावत नाही, सुटलो. बाईजींनी त्याच पाठशाळेत दुसरेही शिकवले होते: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि होताना मान्य केलेले, तिन्हींचा बंध आहे. मी फक्त पहिल्याचाच हिशेब ठेवत आले.

एका युनिटला एक किलो हा आकडा मी लक्षात ठेवायला सांगितला होता. आपला कोळसा त्यांच्यापेक्षा बरा, त्यामुळे आपल्याकडे युनिटला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर लागतो. घरी आल्यावर आमचे विजेचे बिल काढले. मे महिन्यात ३१० युनिट. म्हणजे दोनशे किलोंहून जास्त कोळसा, आम्ही दोघे म्हातारे राहतो त्या घरात. पाणी गाळून पिणाऱ्या, हिरवी भाजी निवडताना अळी अलगद बाहेर ठेवणाऱ्या घरात. पृथ्वीकाय जीवांचे आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतो, पण त्या दोनशे किलोंच्या वरची माती, झाडे, विहिरी आणि घरे कोणत्या खात्यावर टाकायची?

याचा अर्थ दिवे विझवून बसा असा नाही. गृहस्थाला उद्योगी आणि आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही हे आचार्यांनीच ओळखले आहे. पण अनर्थदंड, म्हणजे कारण नसताना केलेली हिंसा, ती तरी सुटू शकते. कोणी नसलेल्या खोलीतला पंखा म्हणजे अनर्थदंड. उन्हात घोंगडी पांघरावी लागेल इतका थंड केलेला एसी म्हणजे अनर्थदंड. गरज आणि हव्यास यांत फरक असतो.

हा फरक किती महाग पडतो हे इम्मेराथच्या शेजारच्या गावांनी पाहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारने आणि खाण कंपनीने ठरवले की त्या भागातला कोळसा २०३० मध्येच थांबवायचा, ठरल्यापेक्षा आठ वर्षे आधी. त्यामुळे कोळशाची तेवढी गरज उरली नाही आणि यादीतली पाच गावे वाचली. ल्युत्सराथ नावाची शेजारची वाडी मात्र वाचली नाही. ती इम्मेराथबरोबरच हलवायच्या यादीत होती. जानेवारी २०२३ मध्ये तरुण मुले तिथल्या झाडांवर घरे करून बसली होती. पोलिसांनी त्यांना उतरवले आणि वाडी पाडली.

वाचलेल्या पाचांत कायेनबर्ग नावाचे गाव आहे. आनंद वाटला ना? मलाही वाटला. पण निर्णय येईपर्यंत तिथले बहुतेक लोक घरे विकून नव्या गावी गेले होते. त्यांच्या चर्चचे पावित्र्य विधीपूर्वक काढून घेतले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे गाव वाचण्याच्या सुमारे दहा महिने आधी. गाव वाचले. चर्च उभे आहे, घरे उभी आहेत. पण ज्यांच्यासाठी वाचवायचे ती माणसे निघून गेली होती. ज्यांनी परत यायचे म्हटले त्यांचे नव्या घराचे कर्ज डोक्यावर. इम्मेराथपेक्षा कायेनबर्गचे मला जास्त लागले. इम्मेराथला निदान असे म्हणता येते की देशाला गरज होती. कायेनबर्गची गरज शेवटी पडलीच नाही.

खाण बंद झाल्यावर त्या खड्ड्यात ऱ्हाईन नदीचे पाणी सोडून मोठे सरोवर करायचे ठरले आहे. ते भरायला काही दशके लागतील. माझा नातू म्हातारा होईल तेव्हा तिथे लोक नावेत बसून फिरतील, आणि खाली ११४४ सालापासूनचे एक गाव होते हे फलकावर वाचतील. फलक तरी असेल. जर्मन लोक नोंदी नीट ठेवतात.

आपल्याकडे तेवढेही नाही. भद्रावतीला पार्श्वनाथ भगवंतांच्या दर्शनाला आपल्यातल्या कितीतरी जणी जातात. त्या वाटेवर दोन्ही बाजूंना मातीचे डोंगर दिसतात. मी लहान नातवंडांना 'बघा, टेकडी' असे दाखवले आहे. ती टेकडी नाही. खाणीतून वर काढून टाकलेली माती आहे. त्या मातीच्या जागी कुणाचे शेत होते, कोणते गाव होते, मी कधी विचारले नाही.

परत आल्यावर यांना म्हटले, त्या गावचे ग्राहक आठवतात का? दुकान बंद होऊन अकरा वर्षे झाली, जुन्या वह्या वाळवीने गेल्या. हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिही." सतरा नावे त्यांना आठवली. कोण उधारी कधी आणून द्यायचा, कुणाच्या लेकीच्या लग्नाचा बस्ता आपण बांधला, हेही आठवले. त्या म्हातारीचे नाव आम्हा दोघांनाही आठवले नाही. तिच्यासाठी एक ओळ कोरी ठेवली आहे.

या चातुर्मासात भोगोपभोग परिमाणाच्या नियमात मी विजेचे युनिट घातले आहेत: महिन्याला १५०. मे महिन्यात काय होते ते पुढच्या वर्षी सांगेन.

तुमच्याकडे एक मागणे आहे. वणी, माजरी, घुग्गुस, बल्लारपूर, राजुरा या बाजूला ज्यांचे माहेर-सासर आहे त्यांनी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसावे आणि गेलेल्या गावांची नावे विचारावीत. विहीर कुठे होती, देऊळ कोणाचे होते, बाजार कोणत्या दिवशी भरायचा, हे लिहून घ्यावे. घरच्या वहीत एक पान पुरेल. घाई करा. आमच्या एका ओळीवरचे नाव कुणालाच आठवेना, तसे तुमचे होऊ नये.

जय जिनेंद्र.